लग्नपत्रिका डॉट एपीके

फेब्रुवारीतला रविवार होता, मी पुण्यात गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि बाबांचा व्हॉट्सॲप आला, "लग्नाला नक्की यायचं हं, पत्रिका उघडून बघा" आणि खाली एक फाइल. आता आमचे बाबा जन्मात असा मेसेज करत नाहीत, त्यांचा फोन येतो, कुणाचं लग्न, कुठला हॉल, जेवण आधी का अक्षता आधी, सगळं दहा मिनिटं सांगतात. तरीपण माझं बोट त्या फाइलवर गेलंच होतं हे कबूल करते. नाव वाचलं तर शेवटी पीडीएफ नाही, एपीके. म्हणजे पत्रिका नाही, ॲप.

लगेच फोन लावला. "बाबा हे काय पाठवलंत?" तर म्हणे "मी कुठं काय पाठवलंय, मी तर मगाचपासून एक पत्रिका उघडायला बघतोय, ती उघडंना झालीय." तिथेच पोटात गोळा आला.

झालं असं की त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या दोस्तांच्या ग्रुपमधल्या एकाच्या नंबरवरून त्यांना ती पत्रिका आली होती. फोनने अडवलं होतं बरं का, की या ठिकाणाहून आलेलं ॲप टाकता येणार नाही म्हणून, पण त्याच चौकटीत सेटिंग्जचं बटण होतं, ते दाबून बाबांनी स्वतःच्या हाताने परवानगी दिली. मग त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. "सारखं काय ना काय विचारत होतं, मी आपलं हो हो करत गेलो." आणि मग ती पत्रिका गायब. बाबांना वाटलं रेंज नाही.

या भानगडीचं काम कसं चालतं ते मला नंतर नीट कळलं. हे ॲप फोनमध्ये बसलं की आलेला प्रत्येक एसएमएस गुपचूप तिसऱ्याला पाठवत बसतं, म्हणजे ओटीपी आपल्याला दिसायच्या आधीच तिकडे पोचलेला असतो, आणि तेवढ्यात आपल्याच व्हॉट्सॲपवरून आपल्या सगळ्या नातेवाईकांना हीच पत्रिका जाते, कारण ओळखीच्या नंबरवरून आलं की माणूस उघडतोच. ओटीपी हातात आला की बँक, यूपीआय सगळं उघडं. पण बाबांच्या खात्यातला एक रुपयासुद्धा गेला नाही, आणि याचं श्रेय ना मला ना कुठल्या ॲन्टीव्हायरसला. त्यांच्या पेन्शनच्या खात्याला नंबर जोडलाय तो आईचा, आणि आईकडे आहे बटणांचा डबडा फोन, ज्यात टॉर्च आणि एफएम सोडून काही नाही. बँकेचा मेसेज आला की आई तो चष्मा लावून मोठ्याने वाचते. मी चार वर्षं तिच्या मागे लागले होते की अगं स्मार्टफोन घे आता. आता गप्प आहे.

बाबांना एरोप्लेन मोड समजावत बसण्यात अर्थ नव्हता, म्हणून म्हटलं फोन सरळ बंद करा आणि कपाटात ठेवा, मी येते. आईच्या फोनवरून बँकेत कळवायला लावलं. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरातच तिथे फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत सरकत जातात. आमचे गेले नव्हते म्हणून मी फक्त केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली आणि स्वारगेटवरून कराडची एसटी पकडली. गाडीत बसून बाबांच्या दोनशे कॉन्टॅक्टपैकी जेवढे माझ्याकडे होते तेवढ्यांना फोन करत होते, "काका ती पत्रिका उघडू नका, नाही हो, लग्न नाहीये कुणाचं." एका काकूंना लग्न नाही याचंच वाईट वाटलं.

घरी पोचल्यावर सिम काढून फोन चालू केला. ॲपच्या यादीत खाली खाली गेले तर एक बिनआयकॉनचं ॲप, होम स्क्रीनवर कुठंच दिसत नव्हतं. अनइन्स्टॉल दाबलं तर होईना, कारण त्याने स्वतःला डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनचा कारभारीच, करून घेतलं होतं. सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन आधी ते काढलं मग गेलं. पण गेलं म्हणजे खरंच गेलं का याचा भरवसा काय, म्हणून फोन पूर्ण रिसेट करायचं ठरवलं. फक्त फोटो ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणाऱ्या पेनड्राइव्हवर घेतले, बाकी काही नाही.

रिसेटच्या आधी सहज म्हणून माझ्या हॉटस्पॉटवर दोन मिनिटं नेट देऊन व्हॉट्सॲपमधलं लिंक्ड डिव्हाइसेस उघडलं, आपलं व्हॉट्सॲप अजून कुठं कुठं उघडं आहे ती यादी. तिथे एक कॉम्प्युटर! क्रोम, विंडोज, शेवटचं वापरलं आज सकाळी अकरा वाजता. काळजात धस्स झालं. मला वाटलं हाच तो, सापडला. बाबांना दाखवलं तर ते निवांत म्हणतात, "अगं तो आपला झेरॉक्सवाला."

म्हणजे ऐका. बाबा साखर कारखान्यातून रिटायर झालेत, त्यांना ईपीएसची पेन्शन आहे, वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो अंगठा लावून ऑनलाइन होतो. त्याची प्रिंट काढायला ते झेरॉक्सच्या दुकानात गेले, फाइल व्हॉट्सॲपवर, तर दुकानातल्या पोराने व्हॉट्सॲप वेब उघडून बाबांच्या फोनने क्यूआर स्कॅन केला आणि प्रिंट काढली. लॉगआउट कुणी केलं नाही. तेव्हापासून बाबांचं अख्खं व्हॉट्सॲप त्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडं. आमच्या घरातले फोटो, दादाच्या घरभाड्याचं भांडण, मी पाठवलेली माझी पॅनकार्डची फाइल, सगळं.

सोमवारी सकाळी मी तणतणत दुकानात गेले. पोरगं साधं, पंचवीसेक वर्षांचं, म्हणालं "ताई, काकाच म्हणाले राहू दे, परत प्रिंट लागंल." यावर काय बोलणार. पण त्याच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड्स फोल्डर बघितलं आणि मी चिडायचंच विसरले. निम्म्या गावाची आधार कार्डं होती त्यात, सातबारे, मार्कलिस्टा, एकावर एक. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो याला काय अर्थ आहे, तो असतो नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. नाव तर फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं. मी त्याला बसल्या बसल्या ते फोल्डर रिकामं करायला लावलं, रिसायकल बिनसकट, आणि तो म्हणाला दर शनिवारी करतो. करतो का नाही देव जाणे.

प्रिंटसाठी दुकानात पेनड्राइव्हवर फाइल न्यायची तर तिकडून शॉर्टकट व्हायरस घेऊन यायचं, हे आमच्या कॉलेजपासूनचं दुखणं आहे, सगळी फोल्डरं शॉर्टकट होऊन बसायची आणि आपण बोंबलत बसायचं. त्यामुळे शेवटी अगदीच जुनाट उपाय केला. आधारच्या वेबसाइटवरून मास्क्ड आधार काढला, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, नंतर पुण्यात ऑफिसच्या प्रिंटरवर दहा प्रती काढल्या आणि पुढच्या खेपेला आईच्या कपाटात ठेवल्या. कुणाला द्यायची वेळ आली की त्यावर पेनाने आडवं लिहायचं, कशासाठी दिली आणि तारीख. हे बाबा कारखान्यात असतानाही करायचे म्हणे. मग आता का नाही केलं, तर "आता सगळं मोबाइलवर असतं ना."

घरीच बसून बाबांच्या आधारचं बायोमेट्रिक लॉकही करून टाकलं, म्हणजे कुणी आपल्या अंगठ्याचा ठसा मिळवला तरी त्यावर पैसे काढता येऊ नयेत. फार शहाणपणाचं वाटलं तेव्हा. दीड महिन्याने बाबा नवीन सिम घ्यायला गेले, अंगठा लागेना, दुकानदार म्हणाला काका तुमचा ठसा झिजलाय, बाबांनी साबणाने हात धुतले, बोटाला खोबरेल लावलं, दुसऱ्या हाताचा अंगठा दिला, आणि शेवटी मला फोन. मला तोपर्यंत आठवतही नव्हतं. थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं ते, मी इथून केलं. पण बाबा अजून ऐकवतात की मुलीने माझा अंगठाच कुलपात घातला.

संचार साथी म्हणून सरकारी पोर्टल आहे, तिथे आपला मोबाइल नंबर टाकून ओटीपी दिला की आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. बाबांच्या नावावर तीन. दोन माहितीतली, तिसरं कुणाचं? घरात नुसता गोंधळ. संध्याकाळी लक्षात आलं, आत्याला कधीतरी घेऊन दिलेलं, ती अजून तेच वापरते. तक्रार ठोकणार होते मी, आत्याचा फोनच बंद पडला असता.

हे सगळं करून मी पुण्याला परत आले आणि तेव्हा कुठे वाटायला लागलं की बाबांना एवढं शहाणपण शिकवलं, आपलं काय आहे. हॅव आय बीन पोन्ड नावाची साइट आहे, ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली, फुकट आहे, तिथे आपला ईमेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या डेटामध्ये सापडला ते सांगते. माझा पाच ठिकाणी. त्यातल्या एका साइटवर मी खातं कधी काढलं होतं हेच मला आठवेना. मग तिथेच पासवर्ड तपासायची सोय आहे. पहिल्यांदा भीती वाटली की पासवर्ड कसा काय द्यायचा कुणाला, पण ते कसं करतात हे वाचलं आणि आवडलं. आपण टाकलेल्या पासवर्डचं आपल्याच ब्राउझरमध्ये ४० अक्षरांचं भरीत होतं, आणि भरताचं परत वांगं करता येत नाही. त्या भरताची फक्त पहिली ५ अक्षरं साइटकडे जातात, तिकडून तशी सुरुवात असलेली सगळी भरतं परत येतात आणि जुळवाजुळव आपल्याकडेच होते, म्हणजे साइटला आपला पासवर्ड कळतच नाही. माझा पासवर्ड म्हणजे आमच्या जुन्या कुत्र्याचं नाव, ॲटचं चिन्ह आणि १२३. मला वाटायचं जगात एकटी मीच हुशार. सापडला, आणि एकदा नाही, शेकड्याने! एवढ्या जणांचा कुत्रा मोत्या असेल असं वाटलं नव्हतं.

हाच मोत्या मी तीसेक ठिकाणी बांधला होता.

मग पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकाच कुलपात सांभाळणारं ॲप. मी बिटवॉर्डन घेतलं, फुकटवाल्यातच सगळं भागतं, फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे चालतं. ऑफिसमधला एकजण कीपासएक्ससी वापरतो, त्यात सगळं आपल्याच कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये राहतं, ऑनलाइन काहीच नाही, तेही फुकट, पण ती फाइल सांभाळायची जबाबदारी आपली आणि मी छत्री रिक्षात विसरणारी बाई आहे.

बिटवॉर्डनला एकच मोठा मास्टर पासवर्ड लागतो. त्यासाठी फाशाने शब्द काढायची पद्धत आहे, डाइसवेअर म्हणतात, पाच वेळा फासा टाकायचा, आलेल्या पाच आकड्यांसमोर यादीत जो शब्द तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, सहाचा पाचवा घात. असे सहा शब्द एकामागे एक ठेवले की ओळखणं अशक्यच, आणि डोक्यातून काढलेल्या शब्दांपेक्षा हे चांगलं कारण माणूस मुद्दाम काहीही निवडायला गेला तरी फिरून कुत्र्यावरच येतो. पण यादी इंग्रजी. मला वाटलं आपण मराठी शब्द घेऊ, लक्षात राहतील. भाचीच्या सापशिडीतला फासा घेतला, शब्दकोश उघडला, फाशाने पान आणि ओळ ठरवली आणि सहा शब्द काढले. एक धबधबा होता, एक फणी, बाकीचे सांगत नाही. रोमन लिपीत टाइप केले. काय ऐट वाटली.

दुसऱ्या दिवशी पासवर्ड घेईना. धबधब्यात मधला ए टाकला होता का नाही? फणीला पीएच का नुसता एफ? ळ आला की एल का डबल एल? मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हटलं की आपण रोज वेगळं लिहितो हे मला त्या दिवशी कळलं. चहा थंड झाला, तासभर वेगवेगळी स्पेलिंगं घालून बघितली. आणि बिटवॉर्डनकडे तुमचा मास्टर पासवर्ड नसतोच, त्यामुळे विसरला तर तेही काही करू शकत नाहीत. नशीब आत फक्त अकराच पासवर्ड गेले होते. खातं उडवलं, नवीन काढलं, यावेळी गपगुमान इंग्रजी यादी घेतली आणि ते शब्द कागदावर लिहून कागद एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवला, पहिले दोन आठवडे रोज हाताने टाइप केले तेव्हा बोटात बसले.

तीसच्या तीस मोत्ये एका दिवसात सोडवायला जाऊ नका. मी शनिवारी बसले आणि सहाव्या साइटला कंटाळले. मग क्रम लावला, आधी ईमेल, कारण ईमेल हातात आला की बाकी सगळ्यांचे पासवर्ड रिसेट करता येतात, मग बँक, इन्कम टॅक्सचं पोर्टल, मग जसं जसं लॉगिन करायची वेळ येईल तसं. पाच महिने लागले. ईमेलला दुसरं कुलूप पण लावलं, एजिस नावाचं ॲप आहे ॲन्ड्रॉइडवर, फुकट, दर तीस सेकंदांनी नवीन आकडे दाखवतं, एसएमएसची गरजच नाही. बाबांच्या प्रकरणानंतर एसएमएसच्या ओटीपीवरचा माझा विश्वास निम्मा झालाय. फोन हरवला तर पंचाईत म्हणून गुगलने दिलेले बॅकअप कोड छापून त्याच एलआयसीच्या फाइलमध्ये. ती फाइल आता आमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे.

फायरफॉक्स ब्राउझर आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त सुख देणारं निघालं. रेमंड हिल नावाचा माणूस ते बनवतो आणि देणग्यासुद्धा घेत नाही. क्रोममध्ये ते जुनं पूर्ण यूब्लॉक आता चालत नाही, फायरफॉक्समध्ये चालतं, फोनवरच्यातही. मला वाटायचं जाहिराती गेल्या म्हणजे फक्त डोक्याचा ताप गेला, पण ती खोटी डाउनलोडची हिरवी बटणं असतात ना, तीही जातात, आणि बाबांसारखा माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो.

सिग्नल नावाचं व्हॉट्सॲपसारखं मेसेजचं ॲप पण टाकून बघितलं. माझ्या बाजूने एकटी बहीण आली, बाकी सगळे "परत एक ॲप कशाला" म्हणाले. आम्ही दोघी तिथे घरातल्या इतरांबद्दल बोलतो, त्यामुळे बरंच आहे.

जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० होतं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि ११ त्यावर चढत नव्हतं, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. चांगलं चालतंय, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड पण मिळाला. फक्त टॅली लागतं म्हणून ऑफिसचा लॅपटॉप वेगळा. याच्यावर लिहायला गेले तर वेगळा लेख होईल.

बाबांचा फोन मात्र सोपा ठेवलाय. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप टाकायची परवानगी बंद, व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन, लिंक्ड डिव्हाइसेस दर महिन्याच्या एक तारखेला बघायचं, हे कालनिर्णयवर आईनेच लिहून ठेवलंय, गॅस सिलिंडरच्या नोंदीखाली. बाबांना एपीके आणि पीडीएफ यातला फरक मी तीनदा समजावला, ते म्हणाले "शेवटी फ असेल तर चांगलं, के असेल तर वाईट, एवढंच ना." परवा एक्सेलची फाइल आली, शेवटी ना फ ना के, तर ती न उघडता मला पाठवली. मी म्हटलं ही चालते. "मग तसं आधी सांगायचं," म्हणाले.

आईचं राहिलं. तिला शेवटी टॅब घेऊन दिला, भजनं आणि रेसिपीसाठी, त्यात बँकेचं काही नाही. टॅबवर बिटवॉर्डन टाकून द्यायला मी उत्साहाने गेले तर तिच्याकडे दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर सगळे पासवर्ड आधीच लिहिलेले. मी बोलायला तोंड उघडलं आणि विचार केला, घरातली वही चोरायला रशियातून कोण येणारे? प्रत्येक खात्याला वेगळा लिहिला होता, माझ्यापेक्षा बरा. नुसतं म्हटलं, पण पाव्हणेरावळे येतात गं, कुणी वाचली तर. तर म्हणते, "वाचू दे की. प्रत्येकाच्या शेवटी एक शब्द अजून लागतो, तो मी लिहिलेलाच नाहीये."

कुठला शब्द, विचारलं. "तुला कशाला?" म्हणाली. अजून सांगितलेला नाही, बाबांनाही नाही.